भिंत पिवळी दिसू लागली तेव्हा

१९९४ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं घर होतं. अब्बा शिंपीकाम करायचे. लहानपणी सांधे धरून आलेल्या तापानं त्यांच्या हृदयाची एक झडप कायमची अधू केली होती, आणि पन्नाशी उलटल्यावर ठोके अनियमित पडू लागले होते. डॉक्टरांनी एक बारीकशी पांढरी गोळी सुरू केली. सोमवार ते शुक्रवार रोज एक, शनिवार-रविवार बंद. अब्बा हसून म्हणायचे, ‘‘ही गोळी दिल्ली सरकारच्या नोकरीत आहे, हिला शनिवारचीसुद्धा सुट्टी!’’

त्या मे महिन्यात त्यांच्या पायांवर सूज आली. मी त्यांना जिल्ह्याच्या गावी दुसऱ्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. जुने कागद घरीच राहिले. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘आधी काय चालू आहे?’’ मी म्हणालो, ‘‘हार्टची एक गोळी.’’ त्यांनी लघवी साफ होण्याची गोळी दिली आणि सोबत आणखी एक पाकीट लिहून दिलं. घरात बी.ए. झालेला मी एकटाच, त्यामुळे औषध देण्याचं काम माझ्याकडे होतं. जुन्या पाकिटावर एक नाव होतं, नव्या पाकिटावर दुसरं. मी दोन्ही देत राहिलो.

आठवड्याभरात अब्बांची भूक गेली, मळमळ सुरू झाली. आम्ही उन्हाला दोष दिला. मग एके दिवशी सकाळी खाटेवर पडल्या पडल्या ते समोरच्या भिंतीकडे बघून म्हणाले, ‘‘दीवार कू पीला रंग कब मारे रे?’’ भिंत पांढरी होती. रमजान ईदच्या आधी मीच तिला चुना दिला होता. आम्ही सगळे हसलो. अम्मी म्हणाली, मोतीबिंदू झाला असेल. दुसऱ्या दिवशी काज करता करता अब्बा मशीनवरच कोसळले.

गावातल्या डॉक्टरांनी मनगट हातात घेतलं. नाडी मिनिटाला ३८. त्यांनी आम्हाला पहिला प्रश्न काय विचारला असेल? ‘‘यांना अलीकडे पिवळं दिसतंय का?’’ आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी दोन्ही पाकिटं मागवली, शेजारी शेजारी ठेवली आणि मोठ्या नावाखालची बारीक अक्षरं बोटानं दाखवली. दोन्हीकडे एकच शब्द होता, डिगॉक्झिन. एकच औषध, दोन कंपन्या, दोन नावं. अकरा दिवस मी स्वतःच्या हातानं बापाला दुप्पट औषध पाजलं होतं, शिवाय शनिवार-रविवारची सुट्टीही विसरलो होतो.

अब्बा वाचले. गोळ्या बंद झाल्या, रुग्णालयात ठेवावं लागलं, आणि आठ-दहा दिवसांनी भिंत त्यांना पुन्हा पांढरी दिसू लागली. पण मला त्या डॉक्टरांचा प्रश्न काही सोडेना. नाडी पाहून एखाद्याला पिवळं दिसत असेल हे त्यांना कुठून कळलं? पुढे मी मिळेल ते वाचत गेलो. तेव्हा समजलं की तो प्रश्न दोनशे वर्षांहून जुना होता. १७८५ साली इंग्लंडमधल्या एका डॉक्टरनं तो लिहून ठेवला होता. मी डॉक्टर नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. आपण औषधाच्या पाकिटातला घडी घातलेला कागद न वाचताच फेकून देतो. त्यातल्या एकेका ओळीमागे कुणीतरी माणूस आहे, एवढंच मला आज सांगायचं आहे.

त्या डॉक्टरचं नाव विल्यम विदरिंग. जन्म १७४१ चा, श्रॉपशायर परगण्यातला, एका औषधविक्रेत्याचा मुलगा. एडिंबरोला वैद्यक शिकला, पुढे बर्मिंगहॅमला स्थायिक झाला. वाफेच्या इंजिनाचा जेम्स वॅट ज्या मित्रमंडळात होता, त्याच मंडळात हाही होता. वनस्पतींचा त्याला नाद. १७७५ साली त्याच्याकडे एक घरगुती नुस्खा मतासाठी आला. अंगात पाणी भरून सुजलेल्या रुग्णांसाठी श्रॉपशायरमधली एक म्हातारी तो वापरायची, आणि डॉक्टरांनी हात टेकलेले काही रुग्ण तिच्या काढ्यानं बरे व्हायचे. विसाव्या शतकात एका औषध कंपनीच्या जाहिरातीनं या म्हातारीचं चित्र काढलं, तिला नावही दिलं. पण विदरिंगनं तिचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. गरीब बाईचं ज्ञान घेतलं गेलं आणि नाव राहून गेलं, हे आपल्यालाही काही नवीन नाही.

काढ्यात वीसएक वनस्पती होत्या. विदरिंगनं ओळखलं की काम करणारी वनस्पती एकच, फॉक्सग्लोव्ह. या झाडाला लांबट, घंटेसारखी जांभळी फुलं येतात. शिंपी सुई टोचू नये म्हणून बोटात अंगुस्तान घालतात ना, अगदी तशी. जर्मन भाषेत या झाडाचं नावच अंगुस्तान या अर्थाचं आहे, आणि त्यावरूनच लिओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतितज्ज्ञानं १५४२ मध्ये त्याला ‘डिजिटालिस’ हे लॅटिन नाव दिलं. हे वाचलं तेव्हा अब्बांच्या मधल्या बोटातलं ते पितळी टोपण माझ्या डोळ्यांपुढे आलं.

विदरिंगनं पुढची दहा वर्षं या एका पानाच्या मागे घालवली. सुरुवातीला त्याच्याकडूनही चुका झाल्या. त्यानं फार मोठ्या मात्रा दिल्या, फार दिवस दिल्या, आणि हे त्यानं स्वतः कबूल केलं. मग पानं कधी खुडायची, पूड किती द्यायची, कधी थांबायचं हे तो ठरवत गेला. १७८५ साली त्यानं पुस्तक छापलं. त्यात आपले दीडशेहून अधिक रुग्ण त्यानं एकामागून एक दिले आहेत. जे बरे झाले ते दिले, आणि जे झाले नाहीत, जे दगावले, तेही दिले. निवडक यश दाखवून औषधाचा गाजावाजा करणं त्याला सहज जमलं असतं. त्यानं ते केलं नाही.

त्याच पुस्तकात त्यानं या औषधाच्या विषबाधेची लक्षणं लिहिली. मळमळ, उलटी, जुलाब, चक्कर, वस्तू हिरव्या किंवा पिवळ्या दिसणं, नाडी मंदावत मिनिटाला पस्तीसपर्यंत उतरणं, घाम, शुद्ध हरपणं आणि मृत्यू. आमच्या घरात त्या मे महिन्यात जे घडलं, ते जवळजवळ त्याच क्रमानं दोन शतकांपूर्वी लिहून ठेवलेलं होतं. त्याचा नियमही साधा होता. मूत्रपिंड, पोट, नाडी किंवा आतडी यांपैकी कशावरही परिणाम दिसू लागला, की त्याच क्षणी औषध थांबवा.

हे औषध हृदयाच्या गतीवर विलक्षण सत्ता गाजवतं, असं विदरिंगनं नोंदवलं होतं. पण हृदयाची लय बिघडणं म्हणजे नेमकं काय, हे त्याच्या काळात ठाऊक नव्हतं. त्यासाठी विसावं शतक उजाडावं लागलं. हॉलंडमध्ये विलेम आइंटहोव्हेन यांनी हृदयातल्या विजेची रेघ कागदावर उतरवणारं यंत्र बनवलं. तोच आपला ईसीजी. १९२४ चं नोबेल पारितोषिक त्यांना त्याबद्दल मिळालं. स्कॉटलंडचे जेम्स मॅकेन्झी यांनी आपल्या रुग्णांच्या नाडीचे आलेख वर्षानुवर्षं काढले, आणि वरच्या कप्प्यांची नुसती थरथर चालू असते तेव्हा डिजिटालिस खालच्या कप्प्यांची धावपळ आवरतं, हे ध्यानात आणून दिलं. मग १९३० मध्ये सिडनी स्मिथ या रसायनशास्त्रज्ञानं याच कुळातल्या एका झाडापासून डिगॉक्झिन वेगळं काढलं. पानाची पूड मोजण्याचे दिवस संपले, गोळी आली. अब्बांची गोळी ती हीच.

या गोळीची अडचण अशी, की गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं. ती मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून म्हातारपणी मूत्रपिंड मंदावलं की नेहमीचीच गोळी अंगात साचत जाते. आणि रक्तातलं पोटॅशियम कमी झालं की तिचा जोर वाढतो. लघवीच्या काही गोळ्या नेमकं पोटॅशियमच बाहेर टाकतात. म्हणजे आमच्या घरी एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या होत्या. औषध दुप्पट झालं होतं, आणि त्याला आवर घालणारा क्षार अंगातून जात होता.

फॉक्सग्लोव्ह हे युरोपातलं झाड. पण त्याच जातीचं विष आपल्या अंगणात आहे. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे जिला आपण बिट्टी म्हणतो, या दोन्हींमध्ये हृदयावर डिजिटालिससारखाच परिणाम करणारी द्रव्यं असतात. बिट्टीच्या बिया आम्ही लहानपणी खेळायला घ्यायचो. श्रीलंकेत १९८० च्या दशकापासून पिवळ्या कण्हेरीच्या बिया खाऊन जीव देण्याचे प्रकार इतके वाढले, की डिगॉक्झिनच्या विषबाधेसाठी तयार केलेली प्रतिपिंडं तिथे या विषावर वापरून पाहण्यात आली. ती लागू पडली, पण अतिशय महाग ठरली. तेव्हा ‘हृदयाला कण्हेर चांगली’ असं कुणी सांगितलं, तर कृपा करून ऐकू नका. म्हातारीच्या काढ्यातला गुण आणि विष वेगळं करायला विदरिंगला दहा वर्षं लागली होती.

आता दुसऱ्या औषधाकडे वळू. जुन्या माणसांना कोयनेल आठवत असेल. हिवतापावरचं ते कडूजहर औषध म्हणजेच क्विनीन. १९१२ साली कारेल वेंकेबाख या डच डॉक्टरकडे एक व्यापारी आला. त्याची नाडी अनियमित होती. डॉक्टर म्हणाले, यावर माझ्याकडे खात्रीचा इलाज नाही. व्यापारी म्हणाला, माझ्याकडे आहे, उद्या दाखवतो. दुसऱ्या दिवशी तो आला तो नियमित नाडी घेऊनच. हिवतापाच्या मुलखात राहिलेल्या या माणसाला स्वतःच शोध लागला होता, की ग्रॅमभर कोयनेल घेतलं की आपलं हृदय ताळ्यावर येतं. वेंकेबाखनं १९१४ मध्ये ही हकिगत नोंदवली. चार वर्षांनी वाल्टर फ्रे यांनी सिंकोनाच्या सालीतली निरनिराळी द्रव्यं तपासली आणि त्यांत क्विनिडीन सर्वांत प्रभावी ठरलं. लय परत आणणारं औषध सापडलं म्हणून डॉक्टर मंडळी खूश झाली.

पण काही रुग्ण हे औषध घेतल्यावर अचानक बेशुद्ध पडत, काही दगावत. अनेक वर्षं याचं कारण नीट कळत नव्हतं. १९६४ मध्ये दोन अमेरिकन डॉक्टरांनी अशा झटक्यांच्या वेळचे ईसीजी मांडून दाखवलं, की खुद्द औषधच हृदयाच्या खालच्या कप्प्यांची लय मोडत होतं. १९६६ मध्ये पॅरिसमध्ये देसर्तेन यांनी ८० वर्षांच्या एका बाईचा ईसीजी प्रसिद्ध केला. त्यातली रेघ दोरीसारखी पीळ खात जात होती. त्यांच्या रुग्णाला ही व्याधी हृदयातल्या विजेच्या अडथळ्यामुळे झाली होती, पण क्विनिडीननं येणारे झटके बहुतेक याच प्रकारचे असतात हे पुढे स्पष्ट झालं. लय सावरणारी कितीतरी औषधं, आणि लयीशी काडीचाही संबंध नसलेली काही प्रतिजैविकं, हाच पीळ घालू शकतात. २०२० साली करोनाच्या भीतीनं लोकांनी कोयनेलच्याच घराण्यातली हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन दुकानांतून उचलायला सुरुवात केली. तेव्हा मार्च महिन्यात केंद्र सरकारला तिच्या विक्रीवर कडक निर्बंध घालावे लागले. हृदयाच्या डॉक्टरांना त्या वेळी हीच जुनी आठवण अस्वस्थ करत होती.

असं का होतं? हृदयात उजवीकडे वरच्या बाजूला विजेचा एक ठिपका असतो. तिथून निघालेला इशारा ठरल्या वाटेनं खाली जातो आणि हृदय आकुंचन पावतं. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम हे क्षार पेशींच्या बारीक दारांतून आत-बाहेर होतात, त्यातून ही वीज तयार होते. लय सावरणारी बहुतेक औषधं यांतली काही दारं अर्धवट लावून घेतात. आपल्या पाटाच्या पाण्यासारखंच आहे हे. वरचं दार थोडं लावलं की खालच्या शेतातला चिखल थांबतो. पण पाट आधीच कुठे खचलेला असेल, तर अडलेलं पाणी तिथून भलतीच वाट काढतं. दार लावताना पाट धड आहे की नाही, हे आधी पाहावं लागतं.

ही गोष्ट जगाला सर्वांत कठोरपणे शिकवली ती अमेरिकेतल्या एका चाचणीनं. १९७० आणि १९८० च्या दशकांत डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं, की हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर ज्यांच्या हृदयात अधूनमधून जादा ठोके पडतात, त्यांना अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो. फ्लेकेनाइड, एनकेनाइड अशी नवी औषधं हे जादा ठोके छान दाबून टाकत. मग तर्क सरळ होता. ठोके दाबले की मृत्यू टळेल. हजारो रुग्णांना ही औषधं दिली जात होती. काही डॉक्टरांना तर वाटत होतं, की चाचणीसाठी अर्ध्या रुग्णांना औषध नसलेली गोळी देणं हाच त्यांच्यावर अन्याय आहे.

तरीही अमेरिकेच्या सरकारी हृदयसंस्थेनं १९८७ मध्ये चाचणी सुरू केली. ‘कास्ट’ या नावानं ती ओळखली जाते. ज्यांचे जादा ठोके औषधानं आधी कमी होऊन दाखवले होते, असेच रुग्ण तीत घेतले. म्हणजे औषध लागू पडलेलीच माणसं. मग निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. १९८९ च्या एप्रिलमध्ये चाचणीवर देखरेख करणाऱ्यांनी या दोन औषधांचा भाग थांबवला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे आहेत. औषध घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले, खोटी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. हे सरासरी दहा महिन्यांच्या आत. ईसीजीची रेघ सुंदर झाली होती, आणि माणसं मरत होती. झटक्यामुळे हृदयात पडलेला वण हाच तो खचलेला पाट. औषधानं विजेचा वेग मंदावला, आणि तिला त्या वणाभोवती गोल गोल फिरायला वेळ मिळाला.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. त्या ६३ माणसांच्या घरी कुणीतरी मुलगा, सून, बायको रोज वेळेवर गोळी देत असणार. मी देत होतो तशीच. फरक एवढाच, की त्यांच्या हातून कुठलीही चूक झालेली नव्हती.

यातली फ्लेकेनाइड आजही वापरात आहे, आणि ते चुकीचं नाही. ज्यांचं हृदय एरवी धड आहे, वण नाही, स्नायू कमजोर नाही, अशा रुग्णांची लय ती चांगली सांभाळते. कुणाला द्यायची नाही हे कळलं, म्हणूनच ती कुणाला द्यायची हेही कळलं. ते शिकायला मोजलेली किंमत मात्र विसरता कामा नये.

तिसरं औषध अमायोडरोन. आज आपल्याकडे हे पुष्कळ रुग्णांना दिलं जातं. याचीही वंशावळ एका झाडापर्यंत जाते. इजिप्तमध्ये उगवणाऱ्या, बडीशेपेच्या कुळातल्या एका वनस्पतीत खेलिन नावाचं द्रव्य असतं. कैरोत काम करणारे शरीरशास्त्रज्ञ अनरेप यांनी १९४० च्या दशकात पाहिलं, की ते घेतल्यानं छातीत दुखणं कमी होतं. त्या धाग्यावरून काम करत बेल्जियममध्ये १९६० च्या दशकाच्या आरंभी अमायोडरोन तयार झालं, तेही छातीतल्या दुखण्यासाठीच. त्याचा लयीवरचा गुण पुढे दिसला. ऑक्सफर्डमध्ये ब्रामा सिंग आणि व्हॉन विल्यम्स यांनी १९७० मध्ये तो प्रयोगातून दाखवला, अर्जेंटिनात रोझेनबाम यांनी तो रुग्णांमध्ये सिद्ध केला, आणि अमेरिकेत १९८५ च्या डिसेंबरात त्याला मान्यता मिळाली.

औषध जबरदस्त आहे. जिथे बाकीचे हरतात तिथे ते चालतं, आणि खचलेल्या हृदयातही बरंच सुरक्षित असतं. पण त्याचा स्वभाव वेगळा आहे. त्याच्या वजनाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग आयोडीन असतो. दोनशे मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन. शरीरात त्यातलं थोडंच सुटं होतं, तरी ते रोजच्या गरजेच्या कितीतरी पट असतं. त्यामुळे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी एकतर मंदावते किंवा बेफाम होते. दुसरं म्हणजे हे औषध चरबीत, यकृतात, फुप्फुसात जाऊन बसतं आणि महिनोन्‌महिने निघत नाही. आज गोळी बंद केली तरी परिणाम उद्या थांबत नाही. कोरडा खोकला आणि दम लागणं म्हणजे फुप्फुसांना त्रास असू शकतो. यकृत बिघडू शकतं. उन्हानं कातडी भाजल्यासारखी होते, काहींची निळसर-राखाडी पडते. बुबुळावर बारीक कण साचतात, रात्री दिव्याभोवती कडं दिसतं.

म्हणून हे औषध सुरू करण्याआधी आणि नंतर साधारण दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि यकृताची रक्ततपासणी करायची असते. छातीचा एक्स-रे, ईसीजी, गरज पडली तर डोळ्यांची तपासणीही. ‘आता बरं वाटतंय, कशाला पैसे घालवायचे,’ असं म्हणून ती टाळायची नाही. हे औषध रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनचा आणि आपल्या त्या डिगॉक्झिनचा जोर वाढवतं. तिथे मात्रा कमी करावी लागते, आणि ते डॉक्टरच ठरवतात.

आता अब्बांच्या भिंतीपासून मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

पहिलं, गोळीच्या पाकिटावर एक नाव कंपनीनं दिलेलं असतं, दुसरं औषधाचं. ते औषधाचं नाव वाचा. सगळ्या गोळ्यांची यादी एका कागदावर लिहून खिशात ठेवा आणि दाताच्या डॉक्टरकडे गेलात तरी दाखवा. ‘हार्टची एक गोळी’ हे उत्तर देऊ नका. ते मी देऊन बसलो आहे.

दुसरं, एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. आणि मनानं बंदही करू नका. लयीवरच्या काही गोळ्या एकदम थांबवल्या की ठोके जास्तच उसळतात. काही औषधं सुरू करतानाच दोन-तीन दिवस रुग्णालयात ठेवून ईसीजी पाहतात. तो डॉक्टरांचा पैसे काढायचा धंदा नव्हे, पॅरिसच्या त्या पीळ पडलेल्या रेघेची धास्ती आहे.

तिसरं, जुलाब-उलट्या झाल्या, उन्हानं पाणी कमी झालं, की क्षार ढळतात आणि हीच औषधं अंगावर येतात. रोजे असोत, श्रावणातले उपवास असोत की वारीतली चाल, आधी डॉक्टरांना विचारा. गोळ्यांच्या वेळा आपापल्या मनानं सहरी-इफ्तारला ढकलू नका. सर्दी-खोकल्याची, जंतुसंसर्गाची औषधं दुकानदाराला विचारून घेऊ नका. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं साधं प्रतिजैविक डिगॉक्झिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. गाणारे, बोलणारे लोक घशासाठी ज्येष्ठमध चघळतात. मीही माइकसमोर बसण्यापूर्वी चघळायचो. ते रोज, भरपूर खाल्लं तर पोटॅशियम कमी होतं. झाडपाल्याचं आहे म्हणून निरुपद्रवी, हे खरं नाही. या भाषणातली जवळजवळ सगळीच औषधं झाडांपासून सुरू झाली, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

चौथं, घेरी येणं, डोळ्यांपुढे अंधारी, शुद्ध जाणं, नाडी नेहमीपेक्षा फार मंद किंवा फार वेगात चालणं, नव्यानं दम लागणं, भूक मरणं, रंग बदललेले दिसणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शुद्ध गेली तर त्याच क्षणी. आणि घरातलं म्हातारं माणूस काही विचित्र बोललं, तर हसण्याआधी पाकीट बघा.

अब्बा त्यानंतर नऊ वर्षं जगले. त्याच औषधावर जगले, बरोबर मात्रेत. सोमवार ते शुक्रवारच्या पाच गोळ्या ते दर रविवारी कात्रीनं पाकीट कापून बटणांच्या डबीत मोजून ठेवायचे. डबी मला कधी उघडू दिली नाही. रागावले नव्हते, पण देतही नव्हते.

आता माझ्याही नाडीला वय झालं आहे आणि रोज एक गोळी लागते. गेल्या महिन्यात दुकानदारानं नेहमीचं पाकीट संपलंय म्हणून दुसऱ्या कंपनीचं दिलं. मी चष्मा काढला, पाकीट डोळ्यांजवळ नेलं आणि खालची बारीक अक्षरं वाचू लागलो. मागे रांग होती. एक तरुण म्हणाला, ‘‘चाचा, घरी जाऊन वाचा की.’’ मी म्हणालो, ‘‘बेटा, हे इथेच वाचायचं असतं.’’ आणि सगळं वाचून झाल्यावरच बाजूला झालो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)